राधाकृष्णच्या गाडीला आलेले फोड

जामखेडहून खर्ड्याकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. तिथं बाबाजान गाड्या रंगवतो. गाड्या रंगवणारे तालुक्यात ढिगानं आहेत, पण बाबाजानचा रंग म्हणजे वारा नसताना पडून राहिलेलं पाणी. त्यानं रंगवलेल्या दारावर माशी बसली की घसरून खाली पडायची आणि लाजेनं पुन्हा त्या गाडीकडं फिरकायची नाही. एकदा एका पिकअपचं दार वाळायला म्हणून शेडबाहेर उभं केलं होतं, तर शेजारच्या आळीतला कोंबडा त्यात दिसणाऱ्या कोंबड्याशी सकाळपासून झुंजत बसला. दुपारी तो दमून घरी गेला. दारातला कोंबडा मात्र आणखी घटकाभर तिथंच उभा होता, असं लोक सांगतात. बाबाजान स्वतः असलं काही सांगत नसे. विचारलंच तर म्हणायचा, घटकाभर नाही, थोडाच वेळ.

असा रंग हातात असल्यावर जिभेलाही थोडी चकाकी येतेच. रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोर, गोरक्षनाथचं शेड होतं. गोरक्षनाथ उमदा गडी, हसतमुख, आणि हाताला झपाटा असा की सकाळी गाडी सोडावी, संध्याकाळी रंगवून न्यावी. फक्त पुढं तिला फोड यायचे. गोरक्षनाथच्या गाड्या लांबून ओळखू यायच्या. उन्हात उभ्या असल्या की निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारख्या दिसायच्या. चहाच्या टपरीवर चार लोकांत बाबाजाननं त्यावरून त्याला छेडलं, तेव्हा गोरक्षनाथ शांतपणे म्हणाला की रंग म्हटला की फोड यायचाच, आज ना उद्या तुझ्याही रंगाला येईल. बाबाजानचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"ज्या दिवशी माझ्या रंगाला फोड यील, त्या दिवशी भर बाजारात ही गन तुझ्या हातात देईन, गोरख. आन् तुला उस्ताद म्हनीन."

गन म्हणजे रंग मारायचा फवारा. ती बाबाजाननं लग्नाच्या आधी घेतली होती. रात्री तो ती उशाशी घेऊन झोपायचा. त्याची बायको जरीना म्हणायची, आमच्या दोघींतून एक ठेवायची वेळ आली तर मी आपली पिशवी भरून तयार असलेली बरी.

गोरक्षनाथनं ते वाक्य नीट जपून ठेवलं. रोज शेड उघडताना तो रस्त्यापलीकडून विचारायचा, "आला का?" आणि बाबाजान म्हणायचा, "न्हाई." शेजारी म्हटल्यावर एवढी विचारपूस व्हायचीच.

असं चाललेलं असताना खर्ड्याच्या राधाकृष्णनं आपली गाडी आणून लावली. राधाकृष्ण वरातीसाठी गाडी भाड्यानं देत असे. गाडी जुनी, ऐसपैस, आणि इतकी मुरलेली की तिच्यातून वरात निघालेल्यांची पोरं आता त्याच गाडीतून बोहल्यावर निघाली होती. लग्नसराईच्या आधी तिला डाळिंबी रंग द्यायचा होता. बाबाजाननं जुना रंग खरवडायला घेतला, तर पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, आणि सगळ्यांच्या तळाशी कुठल्यातरी नवरीच्या हळदीचा पंजा. तोही त्यानं खरवडला. पत्रा उघडा केल्याशिवाय तो रंगाला हात लावत नसे.

प्रायमर मारून वाळला, गाडी राखाडी होऊन उभी राहिली, त्या दिवशी राधाकृष्णची आई छबूबाई एसटीनं आली. बाबाजान तिला मावशी म्हणायचा. त्याचे वडील खर्ड्यात बैलगाड्या रंगवायला जायचे तेव्हा हा त्यांच्याबरोबर असायचा, आणि दुपारची भाकरी छबूबाईच्या चुलीवरची असायची. बाबाजान चहा सांगायला टपरीवर गेला. परत आला तेव्हा मावशी बाजेवर बसून पदराला सुई टोचून ठेवत होती. फाटलं असेल काहीतरी, असं त्याला वाटलं. तिनं चहा घेतला, रंग चांगला बसू दे रं बाबा, असं म्हणाली आणि पुढच्या एसटीनं गेली.

रंग चांगला बसला. इतका बसला की राधाकृष्ण गाडी घेऊन निघाला तेव्हा वाटेतले बुलबुल बॉनेटवर चोच मारायला आले, डाळिंबच समजून.

आणि मग एका सकाळी तीच गाडी परत शेडसमोर येऊन थांबली. बॉनेटवर गोधडी टाकली होती. राधाकृष्ण खाली उतरला, इकडंतिकडं बघून गोधडीचं एक टोक वर केलं, आणि बाबाजानला वाटलं की आपले डोळे बिघडलेत. बॉनेटच्या बरोबर मधोमध फोड आले होते. एकामागं एक, आडवे आणि उभे, फुली मारल्यासारखे. राधाकृष्णनं सगळं सांगितलं. खर्ड्यातून निघताना ते मोहरीएवढे होते, अर्ध्या वाटेत तुरीएवढे झाले, आणि जामखेडच्या पहिल्या गतिरोधकावर गाडी आदळली तशा त्यांच्या टम्म पुऱ्या झाल्या.

"बाजाराच्या दिशी सांच्याला वरात हाय," राधाकृष्ण म्हणाला. "नवरदेवाला ह्यात बसवला तर नवरीकडचे म्हनतील गाडीला देवी आल्यात."

रस्त्यापलीकडून नेहमीचा प्रश्न आला. त्या दिवशी बाबाजाननं घाईघाईनं गोधडीचं टोक खाली ओढलं. उत्तर आलं नाही म्हटल्यावर गोरक्षनाथ आपली खुर्ची उचलून रस्ता ओलांडून आला आणि बॉनेटसमोर ऐसपैस बसला. तो कुत्सित असं काही बोलला नाही. फक्त बाजार उद्याच आहे ना, एवढं विचारलं, आणि गनीला हार झेंडूचा शोभेल की शेवंतीचा, यावर बाबाजानचं मत मागितलं.

गन राहायची तर फोड आपल्या रंगाचा नाही, हे बाजाराच्या आत दाखवायला पाहिजे होतं. बाबाजाननं मन घट्ट केलं आणि आपल्याच कामाची झडती घ्यायला बसला. रंगाला फोड येतो तो उगीच येत नाही. रंग आणि पत्रा यांच्यामध्ये कोणीतरी तिसरं शिरलेलं असतं.

पहिला संशय पाण्याचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, हवेबरोबर गनीतून बाहेर येतं, रंगाखाली जाऊन बसतं आणि ऊन लागलं की वाफ होऊन वर उठतं. पण बाबाजान टाकीचा नळ रोज सकाळी सोडायचा. शिवाय जामखेडात माणसाला टँकरची वाट बघत घागरी मांडून बसावं लागतं, तिथं कॉम्प्रेसरला फुकटात पाणी देतंय कोण. दुसरा संशय गंजाचा. पत्रा आतून गंजला की गंज फुगतो आणि रंगाला वर ढकलतो. बाबाजाननं बॉनेट उघडून खालून कान लावून किल्लीनं ठोकत ठोकत तपासलं. पत्रा पितळी तांब्यासारखा वाजला. तिसरा संशय घाईचा. खालचा हात ओला असताना वरचा मारला की थिनर आत कोंडतो. पण बाबाजानच्या दोन हातांमध्ये एवढा वेळ जायचा की तेवढ्यात टपरीवर एक भांडण सुरू होऊन मिटायचं, आणि ते तो पूर्ण ऐकूनच परत यायचा. उन्हात तापलेल्या पत्र्यावरही तो कधी रंग मारत नसे. पत्र्याला आधी गाल लावून बघायचा, आणि त्यासाठी दाढी रोज करायचा.

राहिलं तेल. पत्र्याला तेलकट बोट लागलं तरी रंग तिथं धरत नाही. त्यासाठी डोक्याला तेल लावून आलेल्या माणसाला तो शेडच्या सावलीतही उभं राहू देत नसे. मग तेल आलं कुठनं? विचार करता करता त्याची नजर डब्यावर गेली. डब्यात जरीनानं दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. आणि तिला तेल सुटलेलं होतं.

दुपारी तो घरी गेला आणि चटणीत तेल एवढं का घालतेस म्हणून जरीनाला विचारलं. आधी चटणी कोरडी लागते म्हणून कोण कुरकुरत होतं, असं तिनं विचारलं. मग बराच वेळ त्या घरात फक्त भांडी बोलत होती. संध्याकाळी त्याच्या ताटात कोरडी भाकरी आणि मीठ आलं. आता हात तेलकट व्हायचे नाहीत, असं ती म्हणाली.

भाकरी कशीबशी गिळून बाबाजान परत शेडवर आला. आता शेवटचा उपाय उरला होता, फोड फोडून बघायचा. त्यानं दाभण घेतलं आणि सगळ्यात मोठ्या पुरीला टोचलं. पाणी असतं तर निर्मळ आलं असतं, गंज असता तर तांबडं. आला तो काळा, चिकट थेंब. बाबाजाननं तो बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेऊन हुंगला. काही अर्थबोध होईना. घाम आला होता, तो त्याच हातानं कपाळावरून आणि गालावरून पुसला, आणि शेड बंद केलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याचा एक डोळा उघडेना. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं घरात आणून ठेवलेल्या एका चकाकत्या दारात तोंड बघितलं. कपाळावर पुऱ्या, गालावर पुऱ्या, बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी, आणि सगळीकडं आग. राधाकृष्णच्या बॉनेटला जे झालं होतं तेच, फक्त डाळिंबी नव्हतं. ते मागाहून झालं.

जरीना कालचं भांडण विसरलेली नव्हती, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते तात्पुरतं बाजूला ठेवलं. तिनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली.

"ह्यो बिब्बा उतलाय," ती म्हणाली. "कुनाच्या बिब्ब्याला हात लावला तुमी?"

तेव्हा बाबाजानच्या डोक्यात उजेड पडला. दृष्ट लागू नये म्हणून लिंबूमिरचीबरोबर दोऱ्यात ओवतात तो बिब्बा. सुई तापवून त्याला टोचली की काळं तेल सुटतं, आणि ते अंगाला लागलं की अंग फोडांनी भरून येतं. पदराला टोचलेली सुई, बॉनेटवरची फुली, आणि चहा आणायला गेलेलो आपण. मावशीनं वाळलेल्या प्रायमरवर सुईच्या टोकानं, दिसेल न दिसेल अशी बिब्ब्याची फुली घातली होती, आणि बाबाजाननं तिच्यावर आपल्या हातानं डाळिंबी रंग चढवला होता. तेलावर रंग. मग फुगेल नाही तर काय.

जरीनाच्या हिशेबानं प्रश्न मिटला होता. बाजारात उभं राहायचं, छबूबाईनं बिब्बा लावला म्हणून सांगायचं, गन घेऊन घरी यायचं.  पण राधाकृष्णचा राग बाबाजानला ठाऊक होता. वरातीची गाडी आईनं नासवली असं चारचौघांत कळलं तर तो तिथंच आरडाओरडा करणार. आणि म्हातारी खाली बघत उभी राहणार, आणि ते आपण बघायचं.

"गन देईन," तो म्हणाला. "मावशीचं नाव न्हाई घेनार."

 जरीनानं गन थिनरनं धुतली, पुसली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि त्याच्या सुजलेल्या हातात दिली. सवत घरातून निघाली याचं सुख मानावं की दुःख, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

बाजारात मोकळ्या जागेत राधाकृष्णची गाडी उभी होती, गोधडी पांघरून. शेजारी गोरक्षनाथ नवा शर्ट घालून, शेवंतीचा हार घेऊन. भाजी घेता घेता लोक थांबत होते. बाबाजान गर्दीत शिरून गाडीपाशी आला, तरी लोक एकमेकांना विचारत होते की बाबाजान अजून आला कसा नाही. तोंड ओळखू येत नव्हतं. शेवटी गोरक्षनाथनं फडक्यातली गन ओळखली आणि तिच्यावरून माणूस ओळखला. बाबाजाननं गाठ सोडली आणि गन पुढं केली. उस्ताद म्हणायला तोंड उघडलं, पण ओठ सुजलेले, त्यामुळं जे बाहेर आलं ते कोणालाच कळलं नाही. पुन्हा म्हण, असं गोरक्षनाथ म्हणाला.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत छबूबाई आली. तिच्या हातात वांग्यांची पिशवी होती. तिनं ती खाली ठेवली आणि वांगं निवडताना बघावं तसं बाबाजानचं तोंड दोन्हीकडून फिरवून बघितलं.

"आरं, तुला बिब्बा कुठनं लागला?"

"कुठनं न्हाई, मावशी. ऊन लागलंय."

"मला शिकवतो व्हय? ऊन असलं लागतंय?"

ती गाडीकडं वळली. एका हातानं गोधडी ओढून काढली. फोडांची फुली उन्हात चकाकली. छबूबाईनं ती बघितली, मान एकदा डावीकडं केली, एकदा उजवीकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"ही माझी फुली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सुई तापवून घातलीया. बघा कशी उमटली."

राधाकृष्णनं कपाळाला हात लावला. "आये, गाडीला कुनी बिब्बा लावतं व्हय?"

"तुला लावला हुता म्हनून तू एवढा झालास. गाडी काय तुझ्यापरास वरचढ हाय?"

आणि मग ती बाजाराला समजावून सांगू लागली. नवा डाळिंबी रंग, लग्नाचे दिवस, रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस वळून वळून बघणार. दृष्ट लागायचीच. ती लागली, आणि बिब्ब्यानं ती आत जाऊ न देता वरच्या वर धरली. एवढी टम्म दृष्ट नवरदेवावर पडली असती तर काय झालं असतं, याचा ज्यानं त्यानं विचार करावा. बाजारानं विचार केला. मागं उभ्या असलेल्या नवरदेवाच्या मामानं जरा जास्तच केला आणि तो खाली बसला.

गोरक्षनाथ म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण फोड तो फोड, आणि बोललेलं ते बोललेलं.

"गप रं," छबूबाई म्हणाली. "त्याचा रंग बघन्यासारखा, म्हनून दृष्ट लागली. तुझ्या गाड्यांकडं बघतंय कोन? तरी फोड येत्यात. ते कशाचं?"

यावर बाजार बराच वेळ हसला. गोरक्षनाथच्या हातातला हार तिनं काढून घेतला आणि बॉनेटवर पसरला. मग तिनं खोबरं आणि तीळ वाटून आणायला लावले, अर्धा लगदा बाबाजानच्या तोंडाला फासला आणि उरलेला वाया जाऊ नये म्हणून बॉनेटला. संध्याकाळपर्यंत बॉनेट उतरून सपाट झालं आणि वरात वेळेवर निघाली. बाबाजानला उतरायला आणखी थोडे दिवस लागले. पत्र्याला सोसायची सवय असते, माणसाला तेवढी नसते.

गन राहिली, नावही राहिलं. इथं गोष्ट संपली असती तर बाबाजान सुखी झाला असता. पण पुढच्या बाजाराला एक टेम्पोवाला आला आणि म्हणाला, तसली फुली मलाही घाला, डाव्या अंगाला, रस्त्यावरून दिसेल अशी. बाबाजाननं त्याला नीट समजावलं की रंगाखाली तेल गेलं की रंग फुगतो, त्यात दृष्टीचा काही संबंध नाही. टेम्पोवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग छोटी फुली घालता का. त्याच्यामागं एक जीपवाला आला, त्याच्यामागं ट्रॅक्टरवाला. बघता बघता तालुक्यात असं झालं की गुळगुळीत गाडी म्हणजे जिच्याकडं कोणी ढुंकूनही बघत नाही अशी गाडी. सोयरीक ठरवायला गेलेली माणसं आधी पाहुण्यांच्या गाडीला किती फोड आहेत ते हात फिरवून बघू लागली.

बाबाजाननं सगळ्यांना परत पाठवलं. ते सगळे रस्ता ओलांडून पलीकडं गेले. गोरक्षनाथला तर बिब्ब्याचीही गरज नव्हती. तो आपल्या नेहमीच्या झपाट्यानं रंग मारायचा आणि फोड आपोआप यायचे, बारीक हवे तर बारीक, पुरीएवढे हवे तर पुरीएवढे. त्याच्या दारातली गाड्यांची रांग एसटी स्टँडला वळसा घालून परत त्याच्याच मागच्या दाराशी यायची, आणि रांगेत पहिलं कोण यावरून भांडणं व्हायची. बाबाजान आपल्या शेडात गन पुसत बसायचा. जरीनानं एकदा सुचवलं की एखादा बारीक ठिपका दिला तर काय बिघडतं. त्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिनं त्या दिवशी चटणीत तेल दुप्पट घातलं.

मग एका दुपारी, टपरीवालासुद्धा बाकड्यावर आडवा झालेला असताना, समोरून एक जुनी जीप इंजिन चालू न करता, ढकलत ढकलत रस्ता ओलांडून आली. मागून ढकलत होता गोरक्षनाथ. धंदा वाढला होता, त्यानं स्वतःसाठी गाडी घेतली होती. जीप आत घेतल्यावर त्यानं शेडचं दार अर्धं ओढून घेतलं.

"रंग पायजे," तो म्हणाला. "साधा. फोड नको."

समोर एवढं चांगलं दुकान असताना इकडं कशाला आलास, असं बाबाजाननं विचारलं.

"लोकांचं येगळं. ही माझी सोताची हाय."

 बाबाजाननं बॉनेटच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. मग त्यानं गोरक्षनाथला खिसे रिकामे करायला सांगितले. तंबाखूची पुडी निघाली, चुन्याची डबी निघाली, किल्ल्या निघाल्या. शर्टाचा खिसा राहिला होता. तोही उलटा कर, असं बाबाजान म्हणाला. गोरक्षनाथनं जरा वेळ लावला, आणि कागदात गुंडाळलेला एक बिब्बा बाकावर ठेवला.

"मंडळीनं दिलाय," तो खाली बघत म्हणाला. "रंगाखाली न घालता घरी यू नको म्हनली."

बाबाजाननं पकडीनं कागदातला तो बिब्बा उचलला, दोऱ्यात ओवला आणि पुढच्या बंपरखाली, रंगापासून लांब, बांधून टाकला. मग साबणाची वडी आणि टँकरच्या पाण्याची अर्धी बादली गोरक्षनाथपुढं सरकवली. गोरक्षनाथनं कोपरापर्यंत हात धुतले. बाबाजाननं ते दारातल्या उन्हात धरून उलटेसुलटे बघितले, आणि पुन्हा धुवायला लावले.